यवतमाळला किनारा नाही

"ते पोट्टी मुकी हाय का रे?"

सोनाबाईंनी हे चुलीपाशी बसून विचारलं, आणि आपण हळू बोललो अशी त्यांची समजूत होती. मी बाहेर अंगणात खाटेवर होते. आमच्यामध्ये तुरीच्या काड्यांचा कूड होता, आणि तुरीच्या काड्यांतून सगळं ऐकू येतं.

"मुकी नाई, याडी," त्यांचा मुलगा रमेश म्हणाला. तांड्यावर आईला याडी म्हणतात. "मुंबईच्या हापिसातल्या मॅडम हायेत. व्हेल माशाच्या."

"माशाच्या?"

"समुद्रात रायते थो. यष्टीएवढा. लोक बोटीत बसून पाहाले जातात त्याले."

"मंग इथं कायले आली? इथं तं नाल्यालेबी पानी नाई."

प्रश्न रास्त होता. व्हेल हा मासा नसतो, एवढंच मला त्या वेळी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. हातात काळ्या चहाचा कप होता, तो संपवला.

सोनाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं. मी ज्या संस्थेत काम करते ती समुद्रावरच्या पर्यटनासाठी नियम तयार करते. व्हेल दाखवायला लोकांना बोटीतून नेणाऱ्यांनी कसं वागावं, याची आमच्याकडे एक पुस्तिका आहे. तिच्यातला विचार अगदी साधा आहे. लोक व्हेल बघायला येतात. फार लोक फार जवळ आले की व्हेल ती जागा सोडून जाते. मग लोक येत नाहीत आणि बोटवाले रिकामे बसतात. तेव्हा सगळ्यांनी थोडं लांब राहावं, म्हणजे सगळ्यांचंच चालत राहील.

त्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अभयारण्याच्या वेशीवरून आमच्या कार्यालयात फोन आला. तिथल्या जिप्सीवाल्यांना वाघ दाखवण्याचे नियम हवे होते. आमच्या साहेबांनी मला बोलावलं.

"तू यवतमाळची ना?"

"हो."

"मग झालं तर."

मी पुस्तिका घेतली आणि दुपारभर बसून बोटीच्या जागी जिप्सी घातली, व्हेलच्या जागी वाघ, खलाशाच्या जागी चालक. 'श्वास घेण्यासाठी वर येणे' याचं 'पाणी पिण्यासाठी येणे' केलं. प्राण्याजवळ असताना शांत राहावे व इतर बोटींनाही तसे सांगावे, असा एक नियम होता. तिथे 'इतर बोटी' काढून 'इतर लोक' लिहिलं. व्हेलला बोटी आणि किनारा यांच्यामध्ये कोंडू नये, असाही एक होता. तो गाळला. यवतमाळला किनारा नाही.

साहेबांनी ते वाचून छान म्हटलं.

कळंब

मी यवतमाळची आहे म्हणजे यवतमाळ शहरातली आहे. आजोबा कचेरीत होते, बाबा जिल्हा परिषदेत आहेत, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. हे अभयारण्य आमच्या घरापासून दोनेक तासांवर आहे. सुटीत आम्ही महाबळेश्वरला जायचो. शाळेत मराठी बोलल्यावर वर्गाबाहेर उभं करत, आणि घरी 'मले', 'तुले' तोंडातून निघालं की आई पानावरून उठवायची. इंग्रजी बोलावं तर घरात ऐकणारं कुणी नव्हतं. त्यामुळे मी सगळं ऐकायला शिकले.

बाबा मला घ्यायला वर्धा स्टेशनवर आले होते. येताना कळंबला थांबायचं, असा आईचा हुकूम होता. कळंबच्या चिंतामणीला जायचं तर पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. खाली कुंड आहे, आणि त्यातलं पाणी काही वर्षांनी आपोआप वर येतं म्हणतात. तिथे हार-फुलं बघणारे एक गृहस्थ बाबांच्या ओळखीचे निघाले. मुलगी काय करते, असं त्यांनी विचारलं.

"व्हेलवर काम करते," बाबा म्हणाले. ते हे वाक्य थोडं घाईने म्हणतात.

गृहस्थांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा कुंडातल्या पाण्याकडे पाहिलं.

"इथं नाई येत थे," ते म्हणाले, आणि मला प्रसाद दिला.

तांडा

यवतमाळहून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी होती. तिकडे तिला पऱ्हाटी म्हणतात. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. लांबून बघताना वाटायचं, काय पीक आलंय! जवळ गेलं की बोंडाच्या आत गुलाबी अळी दिसायची. गेल्या काही वर्षांत कापसाचं असं काही ना काही चाललंच होतं, आणि अभयारण्याच्या वेशीवर जिप्सी वाढण्याचं तेही एक कारण होतं.

हे मला गजूभाऊंनी सांगितलं. गजूभाऊ जिप्सीवाल्यांचे म्होरके. आधी ते जिनिंगवर कापसाची मेटॅडोर न्यायचे.

"कापसाची गाडी अन् वाघाची गाडी, काम एकच हाय मॅडम," ते म्हणाले. "माल न्या, उतरवा. फरक एवढाच, की कापूस मधातच रस्ता वलांडत नाई."

माझी सोय रमेशच्या घरी होती. रमेश जिप्सीत गाईड असतो. तांड्यातली ही माणसं मुळात बैलांवर माल लादून मुलूखभर फिरणारी. आता शेती करतात, घरात गोरबोली बोलतात आणि बाहेर वऱ्हाडी. रमेशने पाहुण्यांसाठी एक खोली नवी बांधली होती. तिच्या भिंतीवर वाघ रंगवलेला होता. रंगवणाऱ्याने वाघ पाहिलेला नव्हता, पण सोनाबाईंचे सासरे पाहिलेले असावेत, असं सोनाबाईंचं म्हणणं.

"मिशा पाह्य. अन् असंच पाहे मायाकडे, पोळी जळली का."

पहिल्या रात्रीच्या जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा होता. भाकरीला ते बाटी म्हणतात. आमच्या घरी गोडं वरण आणि मिरची बाजूला काढून ठेवलेली भाजी असते. मी ठेचा चटणीसारखा घेतला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नको म्हणायला तोंड उघडणं शक्य नव्हतं. सोनाबाईंना वाटलं, मला घरची आठवण आली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि धीर यावा म्हणून आणखी ठेचा वाढला.

नियम

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मंडपात जिप्सीवाल्यांची बैठक झाली. नियम मी वाचायचे होते. मी कागद रमेशच्या हातात दिला आणि खांबाशी बसले.

त्यांनी नियम ऐकले तसे मुंबईत कुणी ऐकत नाही. प्रत्येकावर थांबून चर्चा झाली. एका वाघापाशी तीनच गाड्या, हे लगेच पटलं. एका गाडीने फार वेळ थांबायचं नाही, मागच्यांना जागा द्यायची, हेही पटलं, कारण मागच्यांत प्रत्येक जण कधी ना कधी होता. आई आणि पिल्लं यांच्यामध्ये गाडी घालायची नाही, यावर गजूभाऊ म्हणाले, "ते तं माणसाच्याबी मधात नाई घालाव."

मग आला समांतर उभं राहण्याचा नियम. समोरून जायचं नाही, मागून पाठलाग करायचा नाही, बाजूने समांतर थांबायचं.

"समांतर कसं? करून दाखवा," मागून कुणीतरी म्हणालं.

गजूभाऊंनी एक तांब्या मागवला आणि मंडपात मधोमध ठेवला. तो वाघ. मग स्वतःची चप्पल काढून तांब्याच्या तोंडासमोर ठेवली. "हे चूक." उचलून बाजूला आडवी ठेवली. "हे बराबर." बाकीच्यांनीही आपापल्या चपला आणल्या, आणि थोड्या वेळात तांब्याच्या एका बाजूला चपलांची एक सरळ, सुरेख रांग तयार झाली. तांब्याच्या दुसऱ्या बाजूला नुसती फरशी होती.

मला ते फार नीटनेटकं वाटलं.

पण सगळ्यात जास्त आवडला तो शांततेचा नियम. पर्यटकांच्या आवाजाला ते खरोखरच कंटाळलेले होते.

"जो बोलन त्याची पुढची फेरी रद्द," गजूभाऊंनी जागच्या जागी पुरवणी जोडली. "मंग थो मंत्री असो का कोनी असो. नियम म्हंजे नियम."

"अन् इतर लोकायलेबी सांगाचं हाय," रमेशने कागदावर बोट ठेवून वाचलं. "इतर लोक म्हंजे कोन, मॅडम?"

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला आजही नक्की सांगता येत नाही, पण रमेशचं समाधान झालं.

पहिली फेरी

त्याच दुपारी माझ्या जिप्सीत हैदराबादचे एक काका आणि काकू होते. काकांच्या अंगावर झाडापाल्यासारखे छापील कपडे होते आणि गळ्यात हाताएवढी लांब कॅमेऱ्याची नळी. काकूंच्या अंगावर गुलाबी शाल होती आणि मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा.

रमेशने ओठांवर बोट ठेवलं आणि फेरी संपेपर्यंत ते काढलं नाही. गजूभाऊ गाडी अशी चालवत होते की गवत आधी वाकायचं आणि मग गाडी यायची. आम्हाला रोही, म्हणजे नीलगाई दिसल्या, चितळं दिसली. एका सागाच्या झाडावर माकडांचं कुटुंब बसलं होतं. त्यांनी आमच्याकडे जितका वेळ पाहिलं तितका वेळ आम्ही त्यांच्याकडे पाहिलं नाही. वाघ दिसला नाही. पण तळ्यापाशी ओल्या मातीत पावलं होती, एक मोठं आणि त्याच्याभोवती दोन लहान.

हे तळं अभयारण्याच्या अगदी कडेला आहे. त्याच्या एका अंगाला गाडीरस्ता आणि रस्त्यापलीकडे जंगल. दुसऱ्या अंगाला कोरडा नाला, नाल्याकाठी हद्दीचे दगडी खांब, आणि खांबांपलीकडे कपाशी.

"पिलं घेऊन येते संध्याकाळी पान्यावर," रमेश बोटामागून कुजबुजला. "पानी पेते अन् रस्ता वलांडून जंगलात वापस."

"वो खेत किसका है?" काकांनी विचारलं. गजूभाऊंनी आरशातून पाहिलं.

"आमचं," रमेश ओठांनीच म्हणाला.

परतताना गाडीत लाडवाचा डबा उघडण्याचासुद्धा आवाज झाला नाही. काकूंनी तो शालीखाली उघडला. वेशीवर उतरल्यावर काकांनी गजूभाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, इतकी शांत फेरी आपण कुठेच पाहिली नाही. त्यांनी आणखी एका फेरीसाठी मुक्काम वाढवला.

वेचणी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोनाबाईंबरोबर शेतात गेले. त्यांनीच नेलं. "बसून बसून आखडशीन," म्हणाल्या.

कापूस वेचायला कमरेला कापडाची ओटी बांधतात आणि दोन्ही हातांनी बोंडातला कापूस काढून तिच्यात टाकत पुढे सरकतात. बायका आपापल्या ओळीत शिरल्या की दिसेनाशा होत होत्या. इतकी कपाशी उंच होती. मला समोर पानं दिसत होती आणि बाजूलाही पानं. कुठे कोण आहे ते फक्त फांदी मोडल्यावर कळायचं. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी माझी बोटं थोड्याच वेळात सोलली. मी त्याबद्दल काही बोलले नाही, आणि माझ्या लक्षात आलं की दुसरंही कुणी काहीच बोलत नाहीये.

गावात याच बायका एकमेकींशी तीन अंगणं ओलांडून बोलत होत्या.

दुपारी सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भाकरी खायला बसल्या. तेव्हाही कुजबुज.

"तुमी बोलत काहून नाई?" शेजारच्या शांताबाईंनी मला विचारलं.

मी हसले.

"तिले हसता येते," शांताबाई इतरांना म्हणाल्या.

"ते नाई बोलत तं आपल्यालेबी बोलू नाई देत," सोनाबाई म्हणाल्या. "रमेश सांगून गेला ना काल. बाई, तोंडं बंद ठेवा, म्हने. पाहुन्यायचा वाघ पयते. नियम आला मुंबईहून."

"माहा नवरा वीस वर्सं सांगून राह्यला, तोंड बंद ठेव," शांताबाई म्हणाल्या. "त्याचं नाई आयकलं. अन् आता वाघासाठी आयकाव लागते."

बायका पदरात तोंड घालून हसल्या.

"एरवी बोलता?" मी विचारलं. हे मी तांड्यावर आल्यापासूनचं माझं सगळ्यात मोठं वाक्य होतं.

"बोलतो? कालवा करतो!" सोनाबाई म्हणाल्या. "एकीनं हाक माराची, दुसरीनं ओ द्याची. डबे वाजवाचे. एवढ्या पऱ्हाटीत दिसते का काही? आपन आवाज केला तं थे आपल्या वाटीनं जाते, आपन आपल्या. तिले बी कळाले पायजे ना बाई, का माणसं हायेत म्हनून." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आता मी वेचतो अन् मांगं पाहतो. वेचतो अन् मांगं पाहतो. मान दुखून राह्यली माही."

सोनाबाईंची ओळ नाल्याकडची होती. शेवटची. तिथून हद्दीचा खांब दिसत होता.

सत्कार

त्या संध्याकाळी हे रमेशला सांगायचं, असं मी ठरवलं. वाक्य मनात तयार केलं. शेतातून घरी येईपर्यंत ते तीनदा बदललं.

रमेश अंगणात टॉर्चचे सेल बदलत होता.

"रमेशभाऊ," मी म्हटलं. "त्या शेतातल्या बायका... त्यांचा आवाज..."

रमेशचा चेहरा पडला. "आला का आवाज? आज बी?"

"नाही, म्हणजे..."

"माफी द्या मॅडम. शांताबाई असन. तिले किती सांगतलं! थांबा, मी आताच जाऊन येतो." आणि तो टॉर्च तिथेच टाकून गेला. थोड्या वेळाने पलीकडच्या अंगणांतून त्याचा आवाज येत राहिला. तो प्रत्येक दारात थांबून शांततेबद्दल मोठमोठ्याने सांगत होता.

मी त्याच्यामागे जायला निघाले, तर वाटेत गजूभाऊ भेटले. ते मलाच न्यायला आले होते. मंडपात सतरंजी घातली होती. काका-काकूही खुर्चीवर बसले होते. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. कपाळाला गंध लागलं, अंगावर शाल आली, हातात नारळ आला. आमच्याकडे कुणाचंही काहीही चांगलं झालं की शाल आणि नारळ देतात, आणि ज्याला मिळतं त्याचे हात मोकळे राहत नाहीत.

"मॅडमच्या नियमानं आपल्या जंगलाचं नाव हैदराबादपावत गेलं," गजूभाऊ म्हणाले. काकांनी मान डोलावली. "आता मॅडम दोन शब्द बोलतीन."

समोर जिप्सीवाले होते. त्यांच्यामागे बायका येऊन उभ्या होत्या. सोनाबाई मान चोळत होत्या. मी उभी राहिले. वाक्य तयार होतं, फक्त त्याचा पहिला शब्द सापडत नव्हता.

"धन्यवाद," मी म्हटलं.

"दोन म्हनले होते," मागून शांताबाई हळूच म्हणाल्या. टाळ्या वाजल्या.

तळं

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला तेच आम्ही. उन्हं कलली तेव्हा तळ्याशी पोहोचलो. आमच्याआधी दोन गाड्या येऊन रस्त्यावर समांतर लागल्या होत्या. गजूभाऊंनी तिसरी लावली. इंजिनं बंद झाली. कुणी हललं नाही.

वाघीण तळ्यावर होती.

ती पाणी पीत होती आणि दोन पिल्लं तिच्या पाठीमागे चिखलात एकमेकांना पाडत होती. वाघिणीचं वर्णन मी करणार नाही. ती भिंतीवरच्यासारखी नव्हती. पाणी पिताना तिची जीभ वाजत होती आणि तो आवाज आमच्या गाडीपर्यंत येत होता, यावरून शांतता किती होती ते लक्षात येईल. काकांनी नळी डोळ्याला लावली होती. काकूंनी लाडू तोंडात ठेवला होता पण चावला नव्हता.

पिऊन झाल्यावर ती वळली आणि रस्त्याच्या दिशेने दोन-चार पावलं आली. मग थांबली. समोर तीन गाड्या होत्या, एकीमागे एक. आमच्या आणि पुढच्या गाडीत गाडीभर फट होती. ती त्या फटीकडे बघत होती. तेवढ्यात दुसऱ्या वेशीकडून आलेली एक चौथी गाडी, नियम माहीत नसलेली, आमच्या बाजूने सावकाश पुढे आली आणि त्या फटीत जाऊन थांबली. समांतर.

मला मंडपातली फरशी आठवली. चपलांची सरळ रांग, आणि मध्ये तांब्या.

वाघिणीने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. तिने पिल्लांकडे तोंड केलं आणि काहीतरी गुरगुरली. मग तिने आमच्याकडे पाठ केली आणि पिल्लांना पुढे घालून नाल्याकडे निघाली. नाल्यापलीकडे हद्दीचा खांब होता, आणि खांबापलीकडे उंच, हिरवी, गच्च कपाशी. तिच्यातून काहीच आवाज येत नव्हता. धुऱ्यावर पांढरी गाठोडी ओळीने ठेवलेली दिसत होती, म्हणजे बायका अजून आत होत्या.

तिला वाटलं असेल, तिकडे कुणी नाही.

मी रमेशकडे पाहिलं. त्याचं बोट ओठांवरच होतं. डोळे कपाशीवर होते, पण बोट तसंच. नियम त्याच्या हातात अडकून बसला होता. पिल्लं नाल्यात उतरली.

मी सीटवर उभी राहिले.

"सोनाबाई!" मी ओरडले. "बोला! सोनाबाई, मोठ्यानं बोला!"

काकूंच्या तोंडातला लाडू पडला. वाघीण नाल्याच्या काठावर थबकली. मग कपाशीतून, नाल्याच्या अगदी जवळून, सोनाबाईंचा आवाज आला.

"कोन ओरडलं वं?"

"मुकी!" लांबून शांताबाईंचा आवाज.

आणि मग ते शेत बोलायला लागलं. हाका, ओ, डब्यांचा खडखडाट, कुणीतरी कुणाला तरी शिव्या. दोन दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. वाघिणीने झटक्यात पिल्लांना वर ओढलं आणि पुन्हा आमच्याकडे वळली. आता तिच्या एका बाजूला तो गलका होता आणि दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि तिचे कान मागे गेले होते.

रमेशने बोट काढलं. "गजूभाऊ, मांगं घे! गाडी मांगं घे!"

गजूभाऊंनी गाडी अशी मागे घेतली की आम्ही सगळे पुढच्या सीटवर गेलो. आमच्या जागी वाट झाली. वाघीण त्या वाटेने रस्ता ओलांडून गेली, पिल्लं तिच्यामागे. दुसरं पिल्लू रस्त्याच्या मधोमध थांबून आमच्याकडे बघत होतं, मग तेही गेलं. हे सगळं काकांच्या समोर हातभर अंतरावर झालं. त्यांच्या कॅमेऱ्यात नंतर एकच फोटो निघाला. त्यात माझं कोपर आहे.

रमेश गाडीतून उतरला, आणि जे कुणी कधी करायचं नसतं ते करून, पायी, नाला ओलांडून शेतात पळाला. थोड्या वेळाने त्याला रागावल्याचा सोनाबाईंचा आवाज आला. गजूभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"बराबर हाय आवाज," ते म्हणाले. "तिचाच हाय."

मंडप

संध्याकाळी काकांनी तक्रार केली. सभ्यपणे केली. आपण नियम पाळले, आपल्या पत्नीने लाडूसुद्धा चावला नाही, आणि शेवटी ओरडलं कोण, तर नियम आणणाऱ्या मॅडमच.

"मैडम, आप ही ने तो बोला था ना शांत रहने को?"

गजूभाऊ अडचणीत आले. जिप्सीवाले गोल करून बसले होते. दाराशी बायका होत्या, ओटीतला कापूसही न उतरवता आलेल्या. रमेश आईच्या शेजारी उभा होता आणि तिचा हात धरून होता. ती तो सोडवून घ्यायचा प्रयत्न करत होती.

"नियम म्हंजे नियम हाय," गजूभाऊ शेवटी म्हणाले. "मॅडम बोलल्या. मॅडमची पुढची फेरी रद्द." मग ते माझ्याकडे वळले. "पन मॅडमले काही म्हनाचं असन तं..."

"थे 'धन्यवाद' म्हनन," शांताबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात तो तांब्या होता. मी तो उचलून मधोमध ठेवला. गजूभाऊंची चप्पल घेतली, रमेशची घेतली, आणखी दोघांच्या घेतल्या, आणि एका बाजूला रांगेत लावल्या. मग पिशवीतून कालची सत्काराची शाल काढली, पूर्ण उलगडली आणि तांब्याच्या दुसऱ्या बाजूला अंथरली. सगळे वाकून बघायला लागले. काकाही खुर्चीवरून पुढे सरकले. मी चपलांच्या मधली एक चप्पल उचलून बाजूला टाकली. आता रांगेत वाट होती.

माझा आवाज मला ओळखू येईना, पण तो येत होता.

"हा किनारा आहे," मी शालीवर हात ठेवून म्हटलं. "म्हणजे तुमची कपाशी. गाड्या आणि किनारा यांच्यामध्ये तिला कोंडायचं नाही. घरी जायची वाट आधी मोकळी ठेवायची, मग गाडी लावायची. गाड्यांनी गप्प बसायचं, शेतातल्या बायकांनी बोलायचं. जेवढं बोलायचं तेवढं. आणि रमेशभाऊ, व्हेल हा मासा नसतो."